जेट मॉडेलमधला एअर ट्रॅप : एक हंगाम वापरून झाल्यावर

पावसाळा सरल्यावर माझ्या शंभर न्यूटन जोराच्या टर्बाइनवर उडणाऱ्या मॉडेल जेटमध्ये मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये दीडशे मिलीचा एअर ट्रॅप, म्हणजे इंधनातले बुडबुडे पंपाआधी अडवणारी छोटी टाकी, बसवला. आता उन्हाळाही काढून झाला. घ्यावा का? घ्याच. पण तो लावला की बुडबुड्यांची कटकट मिटली, असं मात्र नाही.

आत पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर बारीक विणीची पिशवी असते. ओल्या फडक्यातून फुंकर मारून बघा, हवा सहज जात नाही, तसंच हे. पिशवी केरोसीनने भिजलेली असेपर्यंत इंधन पलीकडे जातं, हवा अडते. म्हणून इंधन ट्रॅपमधूनच टाकीकडे भरायचं, म्हणजे साठलेली हवा टाकीत ढकलली जाऊन व्हेंटवाटे (टाकीच्या हवेच्या वाटेने) निघून जाते. व्हेंटचं बूच उडवण्याआधी काढायचं, हे वेगळं सांगायला नको.

मला खरा उपयोग झाला तो त्याच्या पारदर्शकपणाचा. विमान उतरलं की वर किती हवा साठलीय ते बघायचं. सुरुवातीला दर वेळी बोटभर दिसायची. टाकीतली क्लंकची (इंधनाबरोबर सरकणाऱ्या, ते ओढून घेणाऱ्या वजनदार टोकाची) नळी कडक झाली होती. नाक खाली गेलं की क्लंक मागेच राहून हवा ओढायचा. तिथे व्हायटॉन या इंधनात टिकणाऱ्या रबराची नळी घातली. (सिलिकॉनची नको, केरोसीनमध्ये फुगते.) तरी थोडी हवा यायचीच. ती एका पुश-फिट एल्बोमधून (नळी नुसती दाबून बसवायच्या काटकोनी जोडातून) येत होती, नळी तिरकी ताणली गेल्यामुळे. पंपाच्या आधीच्या भागात ओढ असते, त्यामुळे अशा जागी गळती होत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून शोधताना जीव जातो. नळी ब्लेडने काटकोनात कापून सरळ बसवली. आता हवा नखाएवढीच.

पूर्ण थ्रॉटलला या वर्गातलं इंजिन मिनिटाला साधारण तीन-चारशे मिली इंधन पितं. म्हणजे टाकीकडून नुसती हवा आली तर ट्रॅप जेमतेम पंचवीस सेकंद तारून नेईल. आणि ट्रॅप ते पंप या तुकड्यात हवा शिरली तर तो काहीच करू शकत नाही. तिथे नळी आखूड, सांधे कमीत कमी. फिल्टर पंपानंतर, इंजिनाच्या बाजूला.

तक्रार एकच. पिशवीत कचरा अडकला तरी बाहेरून कळत नाही. त्याच आरपीएमला पंपाचं व्होल्टेज हळूहळू चढू लागलं की मी ट्रॅप उघडतो. इंधन गाळून भरत असाल तर ही वेळ क्वचितच येते.