खिशातला एएम रेडिओ, खास बेसबॉलसाठी: साडेसात महिने वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत मरिनर्सची (सिएटलची बेसबॉल टीम) पिचर-कॅचर मंडळी, म्हणजे बॉल टाकणारे आणि झेलणारे, ॲरिझोनात पिओरियाला कॅम्पला पोचली अशी बातमी वाचली आणि मी किचनमधला तो ड्रॉवर उघडला, ज्यात रबरबँड, अर्ध्या मेणबत्त्या, केचपच्या पुड्या आणि कुठल्या फोनचे ते आता कोणालाच माहीत नसलेले चार्जर असतात. रेडिओ तिथेच होता. मागचं झाकण काढलं तर दोन्ही पेन्सिल सेल पाझरलेले, स्प्रिंगवर पांढरी-हिरवट पावडर. चूक शंभर टक्के माझी, ऑक्टोबरच्या त्या रात्री जो आत टाकला (कुठली रात्र ते खाली येईलच) तो परत बघितलाच नाही. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसलं, जरा फसफसलं, मग कोरडं केलं, नवे सेल टाकले, बटण फिरवलं आणि खर्रर्र. जिवंत. तेव्हा टिकाऊपणाला पहिला तारा इथेच.

मी सिएटलच्या दक्षिणेला राहते, चौदा वर्षं झाली, आणि मरिनर्सची फॅन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तीस टीममधली ही एकमेव टीम जी आजपर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, खेळलेली नाही. १९७७ पासून. २००१ मध्ये ११६ मॅच जिंकल्या आणि तरी पोचले नाहीत, नंतर तर २०२२ पर्यंत प्लेऑफचंही (फायनलच्या आधीच्या बाद फेऱ्या) तोंड नाही बघितलं. नवरा म्हणतो एवढ्या टीम आहेत, दुसरी घे ना. त्याला काय सांगणार.

रेडिओ घेतला मागच्या ऑगस्टमध्ये, ज्या आठवड्यात आमच्या जुन्या खेळाडूचा, इचिरोचा, ५१ नंबर रिटायर केला (म्हणजे तो आता परत कोणाला मिळणार नाही) त्याच आठवड्यात. कारण साधं होतं. फोनवरच्या ॲपवर कॉमेंट्री अर्ध्या-पाऊण मिनिटाने मागे असते, आणि आमच्या शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसतात. मी ॲपवर ऐकतीये दोन आऊट, तीन-दोन काउंट (म्हणजे पुढच्याच बॉलवर फैसला होऊ शकतो), श्वास रोखलाय, आणि पलीकडून आजोबा "येस्स!" झालं, संपलं. एका सीझनमध्ये १६२ मॅच असतात, असं किती वेळा सहन करायचं? पंचवीस डॉलरच्या आत मिळाला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, या आकाराचे सगळे आतून सारखेच असतात असं माझं मत आहे.

दिसायला साबणाच्या वडीएवढा, पुढे जाळी, बाजूला दोन चक्र्या, एक आवाजाची आणि एक स्टेशनची. डिजिटल काही नाही, लाल काटा सरकतो. हाच याचा मोठा गुण आणि हाच मोठा दोष. गुण असा की ॲप्रनच्या खिशात हात घालून न बघता चालू-बंद करता येतं, हात पिठाचे असले तरी. दोष असा की खिशात चक्री घासली की काटा हलतो. आमचं स्टेशन ७१० वर, आणि एकदा सप्टेंबरमध्ये रात्री भांडी लावताना मी चांगली पाच मिनिटं ऐकत होते की आज आवाज वेगळा का येतोय, हा कोण पिचर, तर ती जायंट्सची मॅच निघाली! काटा ६८० वर सरकलेला, सॅन फ्रान्सिस्कोचं स्टेशन. जवळजवळ सातशे मैलांवरून. दिवसा हे होत नाही, सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरांत फरक पडतो आणि एएमच्या लहरी वरून परत खाली फिरतात, त्यामुळे रात्री लांबलांबची स्टेशनं येतात, मग हळूहळू विरतात, पुन्हा येतात. मला तर ते फार आवडलं पण रिव्ह्यू आहे म्हणून सांगते, नेलपॉलिशचा एक लाल ठिपका ७१० वर लावून टाका, त्रास वाचतो.

रिसेप्शनचं म्हणाल तर एक गोष्ट कळायला मला तीन आठवडे लागले. एएमचा अँटेना तो बाहेर ओढायचा दांडा नसतोच, आत फेराइटची कांडी असते तांब्याची तार गुंडाळलेली, आणि ती कुठल्या दिशेला आहे त्यावर सगळं. उभा ठेवला तर खरखर, तोच आडवा करून खिडकीशी पाव वळण फिरवला की एकदम स्वच्छ. म्हणजे इतका स्वच्छ की स्टेडियमशेजारून जाणाऱ्या मालगाडीचा भोंगापण ऐकू येतो. टी-मोबाइल पार्कला (आमचं स्टेडियम) छप्पर आहे पण ते नुसतं वर छत्रीसारखं सरकतं, बाजू उघड्याच, त्यामुळे मॅचच्या मध्येच भोंगा. टीव्हीवर तो नुसता आवाज असतो, रेडिओवर तुम्ही त्या खुर्चीत बसलेले असता.

बॅटरी भारी आहे. १० ऑक्टोबरची डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच, हरलं की घरी, ती नेहमीच्या नऊऐवजी पंधरा इनिंग चालली, पाच तासांना दोन मिनिटं कमी. त्यांच्या पिचरने, स्कूबलने, एकट्याने १३ जणांना स्ट्राइकआऊट केलं, आणि मी ज्या सेलवर ऐकत होते ते सप्टेंबरमध्ये टाकलेले. बाराव्या इनिंगला आवाज बारीक व्हायला लागला, घरात दुसरे सेल नव्हते, टीव्हीच्या रिमोटमधले निघाले बारके, शेवटी लेकाच्या खेळण्यातल्या डायनासोरचे काढले. पंधराव्यात आमच्या पोलँकोने बेस भरलेले असताना उजवीकडे मारला, क्रॉफर्ड घरी आला म्हणजे रन झाला, ३-२, जिंकलो. मी आणि सासरे दोघं किचनमध्ये उड्या मारत होतो. सासऱ्यांचं वय ७४.

त्यांच्याबद्दल सांगायला हवं कारण या रेडिओचा खरा युजर तेच आहेत. सासू-सासरे सांगलीहून दिवाळीसाठी आले होते, सहा महिने. बेसबॉल त्यांना टीव्हीवर दाखवला तर दहा मिनिटांत "हे काय, बॅट लागतच नाही कोणाची" म्हणून उठले. पण रेडिओ लागला की खुर्ची ओढून बसायचे. चामड्याच्या कव्हरमधला ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांची क्रिकेटची मराठी कॉमेंट्री ऐकत मोठा झालेला माणूस, त्यांना नियम कळायच्या आधी आवाजाची चढ-उतार कळायची. "आता काहीतरी होणार बघ," म्हणायचे, आणि व्हायचं. यूट्यूबवर मरिनर्सची १९९५ ची क्लिप ऐकवली, एडगरचा तो डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका), ग्रिफी पहिल्या बेसपासून धावत सुटला, आणि कॉमेंटेटर डेव्ह नीहॉस ओरडतोय "माय ओह माय!" सासूबाई बाहेरून विचारतात, अगं हा बाबा आईला का हाका मारतोय?

तर आता ती रात्र. सोमवार, २० ऑक्टोबर २०२५. टोरोंटोविरुद्ध सातवी मॅच, जिंकलो की पन्नासेक वर्षांत पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज. आणि इथल्या पंचांगाप्रमाणे त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. मॅच पाच वाजून गेल्यावर सुरू, सूर्यास्त सहानंतर. पूजेची सगळी तयारी, नवी केरसुणी (इथे जो मिळेल तो झाडू), लाह्या-बत्तासे, धणे-गूळ, आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात ७१०. पाचव्या इनिंगला आमच्या कॅल रॅलीने होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा) मारला, ३-१. त्या सीझनमध्ये त्याने ६० मारले होते, कॅचर असून. मी नैवेद्याच्या ताटात दोनदा मीठ वाढलं.

सव्वासहाला नवऱ्याने दारावरच्या आणि खिडकीतल्या लाइटच्या माळा लावल्या, आणि रेडिओ मेला. म्हणजे मेला नाही, भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. हा मोठ्ठा वीक पॉइंट, लिहून ठेवा: स्वस्तातल्या एलईडी माळांचे अडॅप्टर, फोनचे चार्जर, डिमर, सगळे एएममध्ये घुसतात. रेडिओचा एकट्याचा दोष नाही पण त्रास तुम्हालाच. मी म्हटलं दहा मिनिटं माळा बंद करूया. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं. "लक्ष्मीपूजनाला दिवे मालवतात का गं?"

बरोबर होतं त्यांचं. मी रेडिओ घेऊन बाथरूममध्ये, मग जिन्याखाली, मग कोटांच्या कपाटात. कपाटात जरा येत होतं. सासरे आरतीचं तबक हातात घेऊन कपाटाच्या दाराशी उभे, आत मी कोटांच्या मधे रेडिओ डोक्यावर धरून फिरवतीये. सातवी इनिंग, त्यांचे दोघं बेसवर, एक आऊट, त्यांचा स्प्रिंगर बॅटिंगला. आम्ही वर्ल्ड सिरीजपासून आठ आऊट दूर. मग नुसतं गुंऽऽऽ, आणि त्या गुंऽऽऽच्या मागून माणसांचा प्रचंड आवाज. शब्द एक ऐकू आला नाही. पण मॅच टोरोंटोत होती. तिथे आवाज वाढला म्हणजे आपलं काय झालं ते कळायला शब्द लागत नाहीत. सासऱ्यांनी तबक खाली ठेवलं, "गेली का?" ४-३, टोरोंटो जिंकलं. आरती मग झाली, मी पण म्हटली, कशी ते विचारू नका.

त्या रात्री तो ड्रॉवरमध्ये गेला तो फेब्रुवारीपर्यंत.

आणि आता मार्चचा शेवटचा आठवडा, परत सीझन सुरू, परत सगळ्यांच्या नावापुढे शून्य. आमचा नेलर पाच वर्षांसाठी राहिला हे उत्तम झालं, पोलँको मात्र न्यूयॉर्कच्या मेट्सकडे गेला, त्याचं मनापासून वाईट वाटलं. यंदा नवीन नियम आहे, बॉल की स्ट्राइक (टाकलेला चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेरून गेला की आतून) यावर अंपायरला आव्हान देता येणार, प्रत्येक टीमला दोन, बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं, आणि मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, लगेच, टोपीवर हात मारून. क्रिकेटच्या डीआरएससारखं, फक्त पंधरा सेकंद चर्चा नाही. मला उत्सुकता वेगळीच आहे, की रेडिओवर हे कसं ऐकू येईल. २०२३ ला पिचचं घड्याळ (बॉल टाकायला ठरावीक सेकंदच) आलं तेव्हा मला भीती होती की गप्पाच संपतील, मॅच तीन तासांवरून दोन-चाळीसवर आली, आणि खरंच कॉमेंटेटरच्या जुन्या गोष्टी आखडल्या. आता निदान टोपीवर हात मारला की पडद्यावर उत्तर येईपर्यंत बिचाऱ्यांना दोन वाक्यं जास्तीची मिळतील.

घ्यावा का? तुम्ही रोज स्क्रीनसमोर तीन तास बसू शकत असाल तर नका घेऊ. मी नाही बसू शकत, १६२ दिवस तर कोणीच नाही, या खेळाला पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, ट्रॅफिकमध्ये असं बरोबर घेऊन फिरावं लागतं. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि आजूबाजूला खूप वायरिंग असेल तर परत करता येईल अशाच दुकानातून घ्या. आवाजाची चक्री सहा महिन्यांत खरखर करायला लागते, दहा-बारा वेळा जोरात मागे-पुढे फिरवली की थांबते. इअरफोनचं भोक ढिलं आहे. बेल्टचा क्लिप दुसऱ्या महिन्यात तुटला. साडेतीन तारे.

सासरे आता सांगलीला परत गेलेत. इथली संध्याकाळची ६:४० ची मॅच म्हणजे त्यांची दुसऱ्या दिवशी सकाळची ७:१०, हे गणित करून त्यांनीच मला फोन केला, "अगं, सात-दहा! आपलंच स्टेशन!" ठरलंय असं की मी फोन स्पीकरवर टाकून रेडिओसमोर ठेवणार आणि ते तिकडे चहा घेत ऐकणार. काल ट्रायल घेतली. फोन रेडिओला टेकवला की गुंऽऽऽ, वीतभर लांब ठेवला की ठीक येतं.