बुकिंग खरं होतं, म्हणूनच फसलो

मुंबई-गोवा क्रूझची बाल्कनीची केबिन, दोघांसाठी. "मिसेसचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, जाता येत नाही, 62 हजारांची केबिन 40 हजारांत देतो," असा मेसेज आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केला होता. मूळ माणूस ग्रुपमधल्या कुणाच्याच ओळखीचा नाही, हे नंतर कळलं. तेव्हा वाटलं, ग्रुपवर आलंय म्हणजे कुणाच्या तरी ओळखीतलं असणारच.

मी काही डोळे झाकून पैसे दिले नाहीत. बुकिंगचा नंबर घेतला, त्या गृहस्थांच्या आडनावासकट क्रूझ कंपनीच्या साइटवर टाकला. डेक, केबिन, तारीख, सगळं जुळलं. मतदान कार्डाचा फोटोही मागून घेतला. वर घासाघीस करून दोन हजार कमी करून घेतले आणि रात्री जेवताना नवऱ्याला ते दोनदा ऐकवलं.

"ताई, तुम्ही 38 पाठवा, मी लगेच नावं बदलून घेतो. बुकिंग माझ्या लॉगिनमध्ये आहे, त्यामुळे तुम्हाला ते जमणार नाही." या वाक्यात निम्मं तरी अगदी खरं होतं. बुकिंग त्यांच्या लॉगिनमध्ये होतं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलं.

यूपीआयने पैसे गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या दोघांच्या नावांची पीडीएफ आली. ती मी सासूबाईंनाही दाखवली. आता उघडली की पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते नवऱ्याच्या नावापुढचं वय: 61. माझा नवरा 44 वर्षांचा आहे. त्यांच्याकडून वय बदलायचं राहिलं आणि आमच्याकडून बघायचं राहिलं.

वेब चेक-इन होईना. विचारलं तर म्हणाले, "नावं बदलली की ऑनलाइन होत नाही ताई, टर्मिनलवर करतात." पटलं. बॅगा भरून झाल्या होत्या, न पटून सांगणार कुणाला? डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, हे तुम्हाला कुणी दिलं?"

बुकिंग नऊ दिवसांपूर्वीच रद्द झालं होतं. रद्द करण्याचे पैसे कापून उरलेला परतावा मूळ कार्डावर गेला होता, म्हणजे त्यांच्याच. वर माझे 38 हजार. नावं बदलण्याचा अर्ज कंपनीकडे कधी गेलाच नव्हता, आणि गेला असता तरी उपयोग नव्हता. त्यांच्या नियमात केबिनमधला एखादा प्रवासी बदलता येतो, तोही ठरावीक मुदतीच्या आत, शुल्क भरून. सगळीच नावं बदलायची तर ते बुकिंग रद्द धरतात. हे मला कंपनीला एक फोन केला असता तर कळलं असतं. बुकिंग खरं आहे का, एवढंच मी तपासलं. ते माझं होऊ शकतं का, हा प्रश्न सुचलाच नाही. पैसे दिल्यावर तोच नंबर साइटवर परत टाकायचंही सुचलं नाही. पीडीएफ होती ना हातात.

तुम्हाला कुणी अशी केबिन देऊ केली तर विकणाऱ्याला कॉन्फरन्सवर घेऊन कंपनीला फोन लावा. बदलाचं शुल्क कंपनीलाच जाऊ द्या, आणि तुमच्या नावाचा कागद कंपनीच्या मेलवरून थेट तुमच्याकडे येईपर्यंत एक रुपया सोडू नका. खरोखर अडचणीत असलेला माणूस यावर चिडत नाही. आमचे गृहस्थ बहुतेक चिडले असते, पण मी विचारलंच नाही.

टर्मिनलबाहेर बॅगांवर बसूनच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात मात्र आधी "हा तुमच्या दोघांतला व्यवहार, दिवाणी मामला" असं ऐकवलं. एका वकील मैत्रिणीने सांगितलं की जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत 318(4) झालंय. खोटी पीडीएफ जोडून, ते कलम लिहून अर्ज नेला तेव्हा घेतला. तोवर पैसे देऊन बारा दिवस उलटले होते. त्या खात्यात 4,300 रुपये सापडले, ते गोठवलेत.