आईवडिलांना घेऊन मॉरिशस : काही महिने राहून पाहिल्यानंतरचा अनुभव

मॉरिशसचं मुख्य बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. नकाशा पाहिला की वाटतं, मुक्काम कुठेही केला तरी काय बिघडतं? सत्तरी ओलांडलेली आई किंवा वडील सोबत असतील तर नेमकं तिथेच बिघडतं. सहा दिवसांत दोन हॉटेलं, उत्तर-दक्षिण-पूर्व अशा तीन दिवसभराच्या टूर आणि वर एक बोट, हा आपल्याकडे विकला जाणारा ठरावीक कार्यक्रम तरुण जोडप्यांसाठी आखलेला असतो. म्हातारं माणूस त्यात प्रेक्षणीय स्थळांनी दमत नाही. गाडीत चढण्या-उतरण्याने, पायऱ्यांनी आणि अवेळी जेवणाने दमतं. एकच मुक्काम, रोज फार तर अर्धा दिवस बाहेर आणि मोठ्या फेरीनंतर एक दिवस पूर्ण मोकळा, ही पद्धत तिथल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही टिकली. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

मुक्काम कुठे, हा पहिला निर्णय. आपला पावसाळा म्हणजे तिथला हिवाळा. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद, पण आग्नेयेचा वारा सतत वाहतो आणि तो पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतो. बेल मारचा किनारा फोटोत सर्वांत देखणा दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिथे संध्याकाळी बाहेर बसायचं तर स्वेटर आणि कानटोपी लागते. या महिन्यांत पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा उत्तरेला पेरेबेर, माँ श्वाझी बघा. डोंगरांच्या आडोशामुळे पश्चिमेला वारा कमी, पाऊसही कमी. मधल्या पठारावर क्युरपीप साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तिथे घरं स्वस्त मिळतात, पण धुकं आणि रिपरिप पाऊस पाठ सोडत नाही. दमा किंवा संधिवात असेल तर तिथे राहू नये. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा जोर. इशारे एक ते चार अशा वर्गांत येतात. तिसरा लागला की बाहेर पडायचं नाही, बसही बंद होतात. औषधं, पाणी आणि बॅटरी त्याआधीच घरात हवी. हातात निवड असेल तर वडीलधाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्या. वारा उतरलेला असतो आणि उकाडा सुरू व्हायचा असतो.

घर किंवा खोली ठरवताना समुद्र किती दिसतो हे नंतर विचारा, आधी न्हाणीघराचा फोटो मागवा. बऱ्याच भाड्याच्या घरांत टबमध्ये उभं राहून आंघोळ करावी लागते. टबाची कड गुडघ्याएवढी उंच, आत गुळगुळीत आणि धरायला काही नाही. पडण्याचा सर्वांत मोठा धोका अख्ख्या बेटावर मला इथे दिसतो. जमिनीलगतचा शॉवर असलेली तळमजल्याची जागाच घ्या, एक रबरी चटई सोबत न्या. गरम पाणी अनेक ठिकाणी सौरऊर्जेवर असतं. सलग दोन दिवस आभाळ राहिलं तर ते कोमट येतं, म्हणून विजेची जोड आहे का ते विचारून घ्या. वीज २३० व्होल्ट, पण खाचा ब्रिटिश चौकोनी तीन पिनांच्या किंवा फ्रेंच गोल दोन पिनांच्या. आपली गोल तीन पिनांची बसत नाही. झोपेत श्वासासाठी यंत्र लावावं लागत असेल तर दोन अडॅप्टर ठेवा, एक हमखास हरवतो.

मुंबईहून थेट विमान साडेसहा तासांच्या आसपास. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवा आणि दोन दिवस आधी पुन्हा खात्री करा. भारतीय पासपोर्टवर पर्यटकांना आगाऊ व्हिसा लागत नाही, फीही नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पुरावा, पुरेसे पैसे आणि आधी ऑनलाइन भरलेला प्रवासाचा फॉर्म लागतो. तो फॉर्म प्रत्येकाचा वेगवेगळा भरा आणि कागदावर छापून आईच्या पर्समध्येही ठेवा, कारण खुर्चीवरून नेताना तिला कधी कधी वेगळ्या रांगेत नेतात. शिक्क्यावर किती दिवस दिलेत ते तिथेच वाचा. त्याहून लांब राहायचं तर प्रीमियम व्हिसा नावाची एक वर्षापर्यंतची, बिनफीची सोय २०२० पासून आहे. तिला उत्पन्नाचा पुरावा आणि आरोग्य विमा लागतो.

औषधांबाबत कसूर नको. मॉरिशस मादक आणि मनोविकारावरच्या औषधांबाबत फार कडक आहे. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं आपल्याकडे घरोघरी असतात. त्यातलं काही चालू असेल तर तिथल्या आरोग्य खात्याकडून आधी परवानगीची चौकशी करा. डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत ठेवा. सुट्या गोळ्या डबीत भरून नेणं टाळा. बाकीच्या औषधांच्या यादीत कंपनीचं नाव न लिहिता मूळ घटकाचं लिहा. तिथल्या औषध दुकानांत फ्रेंच नावांचा माल जास्त, पॅरासिटामॉल मागितलं तर डोलिप्रान पुढे येतं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे घरी सकाळी आठला घेतली जाणारी गोळी तिथे साडेसहाला घ्यायची. फरक इतका लहान आहे की भारतीय वेळच धरून ठेवणं सोपं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच असावं. रुग्णवाहिकेसाठी ११४ हा क्रमांक आईच्या फोनमध्ये पहिल्या जागी ठेवा. विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम शेवटपर्यंत वाचा. रक्तदाब आणि मधुमेह वगळणारी पॉलिसी या वयात कागदापुरतीच असते. डेंग्यू-चिकुनगुन्याचे डास तिथेही आहेत आणि ते दिवसा चावतात, म्हणून मलम सकाळपासून लावायचं.

सामानाची गत खाऱ्या हवेत काय होते ते महिन्याभरात कळतं. घडीच्या चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं वाळूत रुततात. खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यावी, मोठी चाकं वाळूवर तरून जातात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकं आणि सांधे धुऊन पुसले नाहीत तर बेअरिंग करकरायला लागतं. काठीचं रबरी टोक पोवळ्याच्या खडबडीत वाळूने लवकर झिजतं आणि ओल्या फरशीवर घसरतं. दोन जादा टोकं न्या. वेल्क्रोच्या चपलांत बारीक वाळू बसली की पट्टा धरत नाही, जुन्या टूथब्रशने साफ करावी. श्रवणयंत्र रात्री सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डबीत ठेवा, नाहीतर आर्द्रतेने आवाज खरखरतो.

पाण्यात उतरायचं तर जाड तळव्याचे पाण्यातले बूट घालूनच. पोवळ्याचे तुकडे, सागरी साळ (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) आणि क्वचित विषारी काट्यांचा दगडमासा, तिन्ही उथळ पाण्यातच असतात. दगडमाशाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून लगेच रुग्णालय गाठायचं. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल तर पाणी किती गरम आहे हे आपल्या हाताने तपासा, त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि रोज संध्याकाळी तळवे उजेडात बघा.

फिरायला चालकासह गाडी घ्या. मीटरच्या भरवशावर राहू नये, पूर्ण दिवसाची रक्कम इंधन आणि थांबण्यासह आधी ठरवावी. फार उंच व्हॅन नको, पायरी चढताना गुडघ्याला त्रास होतो. सकाळी पोर्ट लुईसकडे आणि दुपारी चारनंतर तिथून बाहेर रस्ता तुंबतो. निघायची वेळ साडेनऊ ठेवा. पोर्ट लुईस ते क्युरपीप मेट्रो मात्र वडीलधाऱ्यांसाठी उत्तम. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली, फलाट आणि डबा एका पातळीत. समुद्रकिनाऱ्यांना आणि विमानतळाला ती जात नाही, एवढंच.

गंगा तलाव बहुतेकांच्या आईवडिलांची पहिली मागणी असते, आणि ती योग्यच आहे. १०८ फुटी मंगल महादेव रस्त्यावरूनच दिसतो. तलाव उंचावर आहे, किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे गारठा असतो. चपला काढल्यावर थंड ओल्या फरशीवरून चालावं लागतं. घसरू नये म्हणून रबरी ठिपक्यांचे मोजे द्या. काठावर उतरताना कठड्याच्या बाजूला त्यांना ठेवा आणि प्रसादाची पिशवी बंद ठेवा, माकडं ती हातातून ओढतात आणि त्या झटक्याने तोल जातो. महाशिवरात्रीच्या आठवड्यात कावडी घेऊन अख्खं बेट रस्त्यावर असतं. तेव्हा आजारी माणसाला नेऊ नये.

शामारेलची सात रंगांची माती कठड्याबाहेरून बघायची असते, चालणं थोडं आहे. पश्चिमेकडून चढणारा घाट मात्र वळणावळणांचा, उलटीची गोळी अर्धा तास आधी द्या. पाँप्लेमूसच्या बागेत बॅटरीची गाडी मिळते का ते फाटकावरच विचारा, परातीसारख्या पानांचं कमळ बरंच आत आहे. ल मॉर्नच्या किनाऱ्यावरून ‘पाण्याखालचा धबधबा’ दाखवतो असं कुणी म्हणालं तर जाऊ नका, तो देखावा फक्त आकाशातून दिसतो. स्पीडबोट पाठदुखीच्या माणसासाठी नाहीच. लाटेवर आपटते ती पुढची बाजू, बसावंच लागलं तर अगदी मागे बसवा. त्यापेक्षा ब्लू बेची काचतळाची होडी. तासाभरात पोवळी आणि मासे दिसतात, पोहावं लागत नाही.

पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट छोटा आहे, प्रवेश मोफत, रविवारी बंद. भारतातून आलेले करारबद्ध मजूर बोटीतून उतरून चढले त्या सोळा पायऱ्या तिथे जपलेल्या आहेत. २००६ साली युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. त्या मजुरांत कोकणातले मराठी लोकही होते. म्हणून आजही तिथे शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घराण्यातलं कुणी ‘मिरिचला’ (म्हणजे मॉरिशसला) गेल्याची आठवण असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदी आहेत. नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून न्या.

शाकाहारी पोटाची अडचण होत नाही, पण खबरदारी लागते. ढोल पुरी म्हणजे डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, दोनाची जोडी मिळते, दात नसले तरी खाता येते. ‘सां पिमां’ म्हणा, तिखट घालत नाहीत. नूडल्समध्ये मात्र शिंपल्यांचं सॉस असू शकतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. सुपरमार्केटात तांदूळ, डाळ, कणीक मिळतं, आयात माल असल्याने महाग. छोटा कुकर सोबत असेल तर रात्रीची मुगाची खिचडी घरीच. हॉटेलातलं रात्रीचं जेवण बहुधा सातनंतर सुरू होतं, आणि संध्याकाळी सातची गोळी जेवणाआधीची असेल तर सगळी घडी विस्कटते. जूनमध्ये पावणेसहालाच अंधारतं, पदपथ बरेचदा नसतात, दुकानंही लवकर मिटतात. बाजार, औषधं आणि आईचं फिरणं साडेपाचच्या आत आटपा.

परतीच्या दिवशी ब्लू बे आणि माहेबूर ठेवा. दोन्ही विमानतळाजवळ आहेत, त्यामुळे उत्तरेहून येताना रस्ता तुंबला तरी विमान चुकत नाही. तो दिवस सोमवार असेल तर माहेबूरचा आठवडी बाजारही दहाच्या सुमारास, ऊन चढायच्या आत, होऊन जातो.