गोल्ड टॉर्च सांगून हिरवा टॉर्च: नावाचं कोरल घेण्याआधी हे वाचा

मोठ्या नावाच्या कोरलमध्ये, म्हणजे टँकमध्ये पाळायच्या जिवंत प्रवाळात, पैसे घालायच्या विचारात असाल, तर दहा मिनिटं काढून हे वाचा. टॉर्च म्हणजे लांब शुंडकांचं एक कोरल. ‘इंडो गोल्ड टॉर्च’ म्हणून मला जे विकलं गेलं तो साधा हिरवा टॉर्च निघाला. विकणाऱ्याने फोटो, व्हिडिओ, हमी आणि नंतरचा धीर हे सगळं अशा क्रमाने रचलं होतं, की रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूसही त्यात सापडावा. तो क्रम सगळ्यांना माहीत झाला पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी किमतीबद्दल, कारण ‘एवढं महाग कोरल घेतलंच कशाला’ हे हमखास ऐकू येतं. महाग आहे म्हणजे लबाडी आहे, असं अजिबात नाही. दगडी प्रवाळं साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायची तर परवाने लागतात. माल पाण्यासकट विमानाने येतो, म्हणजे वजनाचं भाडं. वाटेत काही पिशव्यांतलं कोरल मरतं. जे जगतं ते वेगळ्या टँकमध्ये ठेवून सावरायचं, कीड आहे का बघायची, डिप द्यायचा, म्हणजे औषधी द्रावणात बुडवायचं, आणि मग कुठे कापून फ्रॅग, म्हणजे छोटे तुकडे, करायचे. हे सगळं मन लावून करणारे विक्रेते आहेत आणि त्यांनी मागितलेली किंमत मला कधीच जड वाटलेली नाही.

पण एका टप्प्यानंतर आपण कोरलचे पैसे देत नाही, नावाचे देतो. झोआ नावाचे छोटे कोरल पॉलिपवर, म्हणजे फुलासारख्या एकेका जिवावर, विकले जातात, टॉर्च हेडवर (सांगाड्याची एक नळी म्हणजे एक हेड), आणि त्या प्रत्येक पॉलिपच्या, प्रत्येक हेडच्या किमतीला नाव चिकटलं की ती कित्येक पटींनी वाढते. नावामागे खरा अर्थ असू शकतो, हेही सांगते. फ्रॅग म्हणजे मूळ कॉलनीचाच तुकडा, जनुकांनी तोच प्राणी. ‘होम रेकर’ म्हणून गाजलेल्या अ‍ॅक्रोपोरा टेन्युइस या फांद्यांच्या कोरलचा खरा फ्रॅग त्या मूळ कॉलनीतूनच हस्ते-परहस्ते आलेला असतो. म्हणून शौकीन वंशावळ विचारतात. अडचण एवढीच की ही नावं व्यापारातली आहेत, त्यांची कुठे नोंद होत नाही, आणि वंशावळीचा पुरावा म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. ज्याच्याकडे शब्द नाही त्याला इथे मोकळं रान आहे.

टॉर्चच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. टॉर्च म्हणजे युफिलिया ग्लाब्रेसेन्स, आणि त्यातल्या सोनेरी रंगाच्या, जांभळ्या टोकांच्या टॉर्चची ओळखच इंडोनेशियाच्या नावाने आहे. इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली. पुढे संवर्धन करून वाढवलेल्या कोरलसाठी ती पुन्हा सुरू झाली खरी, पण मधल्या काळात ‘इंडो गोल्ड’ या दोन शब्दांना जे वजन आलं ते गेलं नाही. साध्या हिरव्या टॉर्चला कुणी नाव विचारत नाही. सोनेरीला विचारतात, म्हणूनच हिरव्याला सोनेरी करून विकण्याचा मोह होतो.

जाहिरातीत दोन हेडच्या फ्रॅगचा फोटो होता, निळ्या प्रकाशात काढलेला. निळ्या प्रकाशातला फोटो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रीफचे दिवे साधारण ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात जोर धरून असतात. कोरलच्या पेशींतली प्रथिनं हा निळा उजेड शोषतात आणि हिरवा, पिवळा, नारिंगी उजेड परत फेकतात, म्हणून ती झळाळतात. नुसता निळा दिवा ठेवून पांढरा बंद केला की मध्यम प्रतीचं कोरलही दिव्य दिसतं. त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याला एवढा निळा उजेड झेपत नाही, तो रंगांचा गोंधळ करतो. तो गोंधळ काढायला लेन्सवर नारिंगी फिल्टर लावतात, ते रास्त आहे. पण फिल्टर जरा जास्त गडद घेतला, नंतर रंगाची पट्टी जराशी पिवळ्याकडे सरकवली, तर हिरव्या टॉर्चचा सोनेरी टॉर्च व्हायला मिनिटभर पुरतं.

मला हे ठाऊक होतं, म्हणून मी पांढऱ्या प्रकाशातला व्हिडिओ मागितला. तो लगेच आला, आणि त्यात खरोखर सोनेरी टॉर्च होता. शुंडकं पिवळीजर्द, टोकं जांभळी, पाण्याच्या झुळकीबरोबर संथ हलणारी. पांढऱ्या उजेडात असा दिसणारा टॉर्च खोटा असूच शकत नाही. व्हिडिओ खरा होता. टॉर्च मात्र विकणाऱ्याचा नव्हता, दुसऱ्याच कुणा शौकिनाच्या टँकमधला होता. हे मला फार नंतर कळलं, मूळ व्हिडिओ सापडला तेव्हा. विकणाऱ्याने त्यातले मधले काही सेकंद कापून घेतले होते आणि आवाज काढून टाकला होता. मदर कॉलनी, म्हणजे फ्रॅग जिच्यातून कापला ती मूळ कॉलनी, कुठे आहे या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार होतं: ‘हीच, व्हिडिओत दिसतेय ती.’ शिवाय घाई होतीच. शेवटचा फ्रॅग आहे, आणखी दोघे रांगेत आहेत, पैसे आले की लगेच पॅक करतो. आणि पैसे शक्यतो ओळखीच्या माणसाला पाठवतो त्या पर्यायाने पाठवा, तेवढंच कमिशन वाचेल. त्या पर्यायात तक्रारीची सोय नसते, म्हणून तो मी नाकारला, आणि पुढे जे थोडंफार हाती आलं ते त्यामुळेच.

पार्सल आलं तेव्हा फ्रॅग मिटलेला होता. प्रवासानंतर टॉर्च मिटतोच, त्यात काही नवल नाही. पण मिटलेल्या टॉर्चचा सांगाडा नीट बघता येतो, आणि तोच बघण्यासारखा होता. कापाची कड पांढरीशुभ्र, करवतीचे आडवे ओरखडे स्पष्ट, त्यावर ना शैवालाचा हिरवट थर ना गुलाबी कोरलाइन शैवालाचा एक ठिपका. प्लगवरचा, म्हणजे फ्रॅग चिकटवतात त्या छोट्या चकतीवरचा, गोंद अजून कोरा होता. एका बाजूला मांस कापाच्या कडेपासून वर सरकलेलं होतं. म्हणजे पैसे मिळाल्यावर कुठल्या तरी कॉलनीतून घाईने कापून, न सावरता, तसाच पाठवलेला. आणि हेड दोन नव्हतीच. सांगाड्याची नळी एकच होती. वर तोंडं दोन दिसत होती, कारण हेड दुभंगायला नुकतं लागलं होतं. त्या दोन तोंडांची दोन हेड मोजून माझ्याकडून दुप्पट पैसे घेतले गेले होते. टॉर्च घेताना फोटो वरून नाही, बाजूने मागा. नळ्या मोजा, तोंडं मोजू नका.

मग तो उमलला. नवं कोरल वेगळं ठेवायच्या क्वारंटाइन टँकमध्ये, १४,००० केल्विनच्या निळसर-पांढऱ्या उजेडात, शुंडकं मातकट हिरवी आणि टोकं फिकट.

मी फोटो पाठवला. उत्तर आलं ते अगदी मायेचं. म्हणे, प्रवासाच्या ताणाने रंग जातो, महिनाभर द्या. मग म्हणे तुमचा दिवा वेगळ्या कंपनीचा आहे, निळा वाढवा. मग नायट्रेट विचारलं, मी आकडा दिला, म्हणे कमी आहे. मग अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, ते डीकेएचमध्ये मोजतात) विचारली. ८.५ डीकेएच, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, तर म्हणे हळूहळू ९ वर न्या. प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य होतं, कारण उजेड, पोषक द्रव्यं आणि ताण यांनी कोरलचा रंग खरंच बदलतो. आणि या सगळ्या जिव्हाळ्याचा हेतू एकच होता, पैसे देवघेव करणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची मुदत टळावी. हमी होती ती फक्त पिशवीत मेलेल्या कोरलची, तीही पार्सल हाती पडल्यापासून दोन तासांत न उघडलेल्या पिशवीचा फोटो दिला तरच. जिवंत आलेल्या पण भलत्याच कोरलबद्दल त्या हमीत अक्षर नव्हतं.

रंगाचं शास्त्र इथे उपयोगी पडतं. कोरलचा तपकिरी रंग त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो, आणि ते कमी-जास्त होतं. झळाळणारा रंग कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांचा असतो, आणि कुठली प्रथिनं बनवायची हे त्याच्या जनुकांत असतं. उजेडाने ती कमी-जास्त बनतील, छटा फिकी किंवा गडद होईल. पण साधा हिरवा टॉर्च महिनाभर वाट पाहून पिवळाजर्द झालेला, टोकं जांभळी झालेला, मी कुठल्याच टँकमध्ये पाहिलेला नाही, आणि मी बऱ्याच टँक पाहिल्या आहेत.

याच शास्त्रातून दुसरी एक फसवणूक निघते, ती माझ्या परिचयातल्या एकाच्या वाट्याला आली. त्याला ‘अल्ट्रा निऑन’ म्हणून जे अ‍ॅक्रोपोरा विकलं ते मरणाच्या दारात होतं. शैवाल निघून जाताना काही कोरल पांढरी न पडता भडक गुलाबी, जांभळी, निऑन होतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये याचं कारण मांडलं. शैवाल गेल्यावर आतल्या पांढऱ्या सांगाड्यावरून परावर्तित होणारा उजेड वाढतो, आणि जिवंत राहिलेलं कोरल स्वसंरक्षणासाठी रंगीत प्रथिनं जास्त बनवतं. समुद्रात ही सावरण्याची धडपड असते. विक्रेत्याच्या टँकमध्ये मात्र तिला दुर्मीळ रंग म्हणून किंमत लागते. शैवाल परत आलं तर तो रंग जातो, नाही आलं तर कोरल जातं. यापेक्षाही वाईट म्हणजे सरळ रंगवलेली कोरल आणि अ‍ॅनिमोनी. तोंडापासून बुडापर्यंत एकच सपाट पिवळा किंवा निळा रंग दिसला, कुठेही छटा बदलत नाही असं वाटलं, तर हात लावू नका. ते जनावर आधीच उपाशी असतं.

आणि हो, कीड. घाईने कापलेल्या फ्रॅगबरोबर काय येईल सांगता येत नाही. अ‍ॅक्रोपोराच्या फ्रॅगवर गोल गोल फिकट चट्टे दिसले तर ते चपट्या कृमींनी कुरतडल्याच्या खुणा असू शकतात. टॉर्चच्या जखमेतून ब्राउन जेली, म्हणजे मांस सडवणारा रोग, सुरू झाली तर शेजारचे टॉर्च आणि त्यांच्या जवळचं हॅमर कोरलही धोक्यात येतं. मी फ्रॅग मुख्य टँकमध्ये टाकला नव्हता, म्हणून माझं जुनं हॅमर वाचलं. जखमी बाजूला तपकिरी चिकट थर धरायला लागला होता. तो ड्रॉपरने ओढून घेतला, आयोडीनचा डिप दिला, प्रवाह थोडा वाढवला, आणि कोरल तगलं. त्या टॉर्चचा यात काहीच दोष नव्हता. हिरवा टॉर्चही देखणाच असतो. तो हिरवा म्हणून विकला असता तर मी आनंदाने घेतला असता.

तक्रारीचं काय झालं ते मुद्दाम लिहिते, कारण त्यातूनच काय सांभाळून ठेवायचं हे कळेल. मी मुदतीत तक्रार केली. त्याच दिवशी जाहिरातीचा मजकूर बदलला गेला. ‘इंडो गोल्ड’ जाऊन ‘गोल्ड टाइप’ आलं, आणि खाली ‘निळ्या प्रकाशातला फोटो, प्रत्यक्ष रंग वेगळा असू शकतो’ अशी ओळ आली. माझ्याकडे मूळ जाहिरातीचे स्क्रीनशॉट होते, सगळं संभाषण होतं, पार्सल उघडतानाचा न थांबवता काढलेला व्हिडिओ होता. तरीही रंगाचा मुद्दा टिकला नाही. रंग दिव्यावर अवलंबून असतो, हे पैसे देवघेव करणाऱ्या कंपनीने मान्य केलं आणि तिथेच तो विषय संपला. टिकला तो हेडचा मुद्दा. जाहिरातीत दोन लिहिलं होतं, व्हिडिओत नळी एकच दिसत होती, आणि हे कोरलमधलं काहीही न कळणाऱ्या माणसालाही मोजता येत होतं. एका हेडचे पैसे परत मिळाले. बाकीचे गेले.

तेव्हापासून मी नावाचं कोरल घेताना एकच गोष्ट अडून मागते. एका चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहून ती टँकच्या काचेला लावायची, आणि चिठ्ठी व कोरल एकाच चौकटीत राहील असा व्हिडिओ पाठवायचा. आधी पांढऱ्या दिव्यात, मग व्हिडिओ न थांबवता निळ्यात, आणि फ्रॅग बाजूनेही दाखवायचा. ज्याच्याकडे माल आहे त्याला यात पाच मिनिटंही जात नाहीत, आणि चांगले विक्रेते कुरकूर न करता देतात. एकाने तर फ्रॅगशेजारी मदर कॉलनीही दाखवली, आणि फ्रॅगचं मांस प्लगवर पसरलंय हे बॅटरी मारून दाखवलं.

मला फसवणारा आता वेगळ्या नावाने विकतोय. तोच चोरलेला व्हिडिओ आहे, फक्त आडवा उलटा केलेला. त्यात काचेवर एक गोगलगाय चढताना दिसते, पूर्वी उजव्या बाजूला होती, आता डावीकडे आहे. तो समोर आला तर चिठ्ठीचा व्हिडिओ मागा. माझ्या ओळखीतल्या एकाने मागितला, तेव्हा ‘फ्रॅग विकला गेला’ असं उत्तर आलं, आणि जाहिरात दुसऱ्या दिवशीही तशीच होती.