घरच्या बागेत ग्लायफोसेट ४१ टक्के: एका बाटलीचा अनुभव

आमच्या घराभोवती चार गुंठे मोकळी जागा आहे आणि जूनचा पाऊस लागला की तीत हरळी, लव्हाळा, आघाडा आणि गाजरगवत यांची इतकी दाटी होते की फाटकापासून विहिरीपर्यंतची पायवाट दिसेनाशी होते. यंदा भांगलणीला माणूस मिळेना, म्हणून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी साताऱ्यातील एका कृषी सेवा केंद्रातून ग्लायफोसेट ४१ टक्के या तणनाशकाची एक लिटरची बाटली आणली. उत्पादकाचे आणि दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हेच रसायन अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते यांपैकी कोणतीही बाटली घरी नेणाऱ्याच्या उपयोगाचे आहे.

आधी गवताविषयी सांगते, कारण त्यासाठीच तर ती विकत घेतली होती. हरळी आठव्या दिवशी पिवळी पडली आणि पंधराव्या दिवशी वाळून भुईसपाट झाली. आघाडा आणि कोवळे गाजरगवतही गेले. लव्हाळा मात्र वरून जळाला आणि पाच आठवड्यांत जमिनीतल्या गाठींमधून पुन्हा फुटला. हे रसायन पानांतून शिरून मुळांपर्यंत उतरते आणि वनस्पतीला काही आवश्यक ॲमिनो आम्ले तयार करण्यासाठी लागणारे एक विकर (एन्झाइम) बंद पाडते. ते विकर माणसाच्या शरीरात नसते आणि या औषधाच्या निर्धोकपणाची जाहिरात बहुधा याच एका गोष्टीवर उभी असते. मातीला ते चिकटून बसते, त्यामुळे पुढच्या पावसाने रुजणारे बी त्याने थांबत नाही. कुंपणाच्या कडेच्या मोगऱ्यावर वाऱ्याने चार शिंतोडे गेले असतील, तर त्याची नवी पालवी महिनाभर दोऱ्यासारखी अरुंद आणि पिवळट येत राहिली. गवत मारण्याच्या कामापुरते बोलायचे तर मी या बाटलीला पाचपैकी साडेतीन गुण देईन.

उरलेले सगळे गुण फवारणीच्या दिवशी गेले. दुकानदारांनी बाटली पुढे ठेवत म्हटले होते, “काकू, हे औषध मारा, पंधरा दिवसांत रान साफ. पंपाला शंभर मिली पुरे.” त्यांनी ‘पंप’ म्हटले तो शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंधरा-सोळा लिटरचा पंप होता. माझ्याकडे होता तो फुलझाडांवर पाणी मारायचा दोन लिटरचा हातपंप. मी त्या दोन लिटर पाण्यात शंभर मिली ओतले, म्हणजे सांगितलेल्या प्रमाणाच्या सातपटीहूनही दाट द्रावण तयार केले, आणि ते अंगात अर्ध्या बाह्यांचा कुडता व पायांत चपला अशा वेशात मारायला निघाले. बाटलीवरच्या कागदात प्रमाण दिलेले होते, परंतु ते हेक्टरी होते. चार गुंठ्यांच्या माणसाने त्या हेक्टरचा भागाकार करून आपल्या हातपंपापर्यंत यावे, अशी अपेक्षा ठेवून छापलेला तो मजकूर भिंगाशिवाय वाचता येत नव्हता, आणि बाटलीसोबत मिळायला हवे ते माहितीपत्रक मला दिले गेले नव्हते.

हातपंपाचे नोझल धुक्यासारखा बारीक फवारा सोडते. फुलझाडांना ते बरे असते, पण तणनाशकासाठी जाड थेंबांचा पंख्यासारखा फवारा मारणारे नोझल लावतात आणि शेतकरी त्यावर प्लॅस्टिकचा हूडही बसवतात, म्हणजे वाऱ्याने औषध उडत नाही. मला हे नंतर कळले. विहिरीजवळ पोहोचले तेव्हा वारा फिरला आणि एक फवारा सरळ तोंडावर आला. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग झाली, घशात कडवट खवखव उठली. मी नळाखाली दोन वेळा चूळ भरली, डोळ्यांवर पाणी मारले आणि उरलेला पंप संपवूनच घरात आले. भिजलेली सलवार घोट्यांना चिकटलेली होती. ती तशीच ठेवून मी चहा केला, फोनवर बोलले, भाजी निवडली. कपडे बदलायला दोन तास गेले. संध्याकाळी डोके दुखू लागले आणि मळमळले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घोट्यांभोवती आणि डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठलेले होते, डोळे सुजलेले होते.

डॉक्टरांनी तपासण्याआधीच विचारले, “बाटली आणलीत का?” मी आणली नव्हती. “मग घरी फोन करून तिच्या कागदाचा फोटो मागवा, आधी मला ते बघू द्या,” असे ते म्हणाले आणि फोटो येईपर्यंत त्यांनी माझे डोळे सलाईनने धुतले. त्यांच्या घाईचे कारण त्यांनी नंतर सांगितले. आपल्याकडे तणनाशक म्हणून पॅराक्वाटही सर्रास विकले जाते आणि रुग्ण विचारल्यावर दोन्हींना ‘गवत जाळायचे औषध’ एवढेच म्हणतो. पॅराक्वाट पोटात गेले तर फुप्फुसे निकामी करते आणि त्यावर उतारा नाही. ग्लायफोसेटचे नाव फोटोत दिसल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. या मिश्रणात पानावर द्रावण पसरावे म्हणून साबणासारखा एक घटक घातलेला असतो आणि डोळ्यांची, घशाची, कातडीची जळजळ बहुतेक वेळा ग्लायफोसेटपेक्षा त्यानेच जास्त होते, असेही ते म्हणाले. अशा घटकांपैकी पॉलीएथॉक्सिलेटेड टॅलो अमाइन हा घटक युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या मिश्रणांतून काढून टाकायला लावला. माझ्या बाटलीवर मुख्य रसायनाचे प्रमाण होते. त्या साबणाचे नाव कोठेही नव्हते.

माझे सगळे पुरळ तणनाशकानेच उठले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि परीक्षणात हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. मी त्या दिवशी गाजरगवतातून चालत होते, आणि गाजरगवत स्वतःच त्वचादाह आणि दमा देणारे झाड आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात ते पुण्यात प्रथम नोंदले गेले तेव्हापासून कितीजणांच्या हातापायांची त्याने साल काढली आहे. डॉक्टरांनी दोन्ही शक्यता नोंदवल्या. डोळे आणि घसा फवाऱ्याने, हे ठरलेले. घोटे भिजलेल्या सलवारीने, बहुधा. कोपराचे सांगता येत नाही. मलम आणि ॲलर्जीच्या गोळ्या यांनी नऊ दिवसांत पुरळ गेले, घोट्यावर काळपट डाग अजून आहे.

मोठा प्रश्न अर्थातच कर्करोगाचा. बाटली आणल्याचे कळल्यावर अमेरिकेतल्या भाचीने पहिला प्रश्न तोच केला, म्हणून जे निर्विवाद नोंदलेले आहे तेवढे येथे देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत याच्या उलट आहे, परंतु जून २०२२ मध्ये तेथील एका केंद्रीय अपील न्यायालयाने त्या मतातील मानवी आरोग्याचा भाग पुरेशा पुराव्याअभावी रद्द केला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये या रसायनाची मान्यता आणखी दहा वर्षे वाढवली. कॅलिफोर्नियातील शाळांची मैदाने राखणारे ड्वेन जॉन्सन यांच्या अंगावर कामाच्या वेळी राउंडअप, म्हणजे मोन्सॅन्टो कंपनीचे ग्लायफोसेटचे तणनाशक, सांडून ते भिजले होते आणि पुढे त्यांना लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने मोन्सॅन्टोला २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले आणि अपिलात ती रक्कम सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत खाली आली. मोन्सॅन्टो विकत घेणाऱ्या बायर कंपनीने दावे मिटवण्यासाठी २०२० मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरची तयारी जाहीर केली, मात्र सूचनांप्रमाणे वापरल्यास उत्पादन सुरक्षित आहे ही भूमिका तिने सोडलेली नाही. शास्त्रज्ञांचा हा वाद मिटलेला नाही. वर्षातून एकदा दोन लिटर मारणारी मी आणि रोज अंगावर फवारा घेणारा माणूस यांचा धोका एकच नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या कंपनीचा ‘सूचनांप्रमाणे’ हा शब्द माझ्या मनातून जात नाही. सूचना वाचता आल्या तर त्याला अर्थ. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावे असे म्हटले. दुकानात मला याविषयी अवाक्षरही सांगितले गेले नाही. हातमोजे आहेत का, चष्मा आहे का, हेही कोणी विचारले नाही. कांद्याचे बी मागावे इतक्या सहज ही बाटली मिळाली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशक नव्हे, पण अंगावर पुरेसे कपडे नसणे आणि काय मारतो आहोत हे नीट कोणी न सांगणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे. आपण विषाला ‘औषध’ म्हणतो आणि फवारण्याला ‘औषध मारणे’ म्हणतो, यात पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मला मात्र आता वाटते की त्या शब्दानेच माझा हात सैल सोडला. दुकानदारांनी ‘विष’ म्हटले असते तर मी चपला घालून गेले नसते.

आमच्याकडे झाडलोटीला येणाऱ्या मावशींना मी फवारणीचे सांगितले नाही, ही या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट. त्यांनी तिसऱ्या दिवशी विहिरीच्या बाजूचे गवत उघड्या हातांनी उपटले आणि दुपारी तळवे दाखवत म्हणाल्या, “बाई, हाताची नुसती आग व्हायला लागलीया.” त्यांचे हात साबणाने धुवायला लावून मी त्यांनाही त्याच डॉक्टरांकडे नेले. परतताना त्यांच्या पिशवीत कुंपणाशेजारचा कोवळा टाकळा आणि घोळ दिसली. दर पावसाळ्यात त्या ही भाजी आमच्याच आवारातून खुडतात आणि मीही ती आवडीने खाते. मी पिशवी तिथेच रिकामी केली. ज्या आवारातली रानभाजी कोणी खुडते, गाय चरते किंवा लहान मूल रांगते तेथे या बाटलीला जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि सगळे धरून गुण पाचपैकी एक.

तरीही कोणाला वापरावेच लागले तर पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट, नायट्राइलचे हातमोजे आणि बंद चष्मा घालावा. पाण्यात किती मिली घालायचे ते आपल्या पंपाच्या लिटरमध्ये विचारून कागदावर लिहून घ्यावे. वारा पडलेला असताना गुडघ्याच्या खाली नोझल धरावे. डोळ्यांत गेले तर नळाच्या संथ धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळे उघडे ठेवून धुवावेत, कपडे लगेच उतरवावेत, आणि गिळले गेल्यास उलटी काढण्याच्या फंदात न पडता बाटलीसह दवाखाना गाठावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ असा निःशुल्क आहे. तो मी आता फ्रिजच्या दारावर लावला आहे.

गवत पुन्हा वाढले आहे. ऑगस्टमध्ये मावशी, त्यांची सून आणि मी अशा तिघींनी हातमोजे घालून, फुले धरण्याआधीच, ओल्या मातीतून गाजरगवत मुळासकट उपटले. त्याला दोन सकाळी लागल्या. लव्हाळ्यावर नारळाच्या झावळ्या आणि पालापाचोळ्याचा जाड थर टाकला आहे. बाटलीत नऊशे मिली शिल्लक आहे. दुकानाने ती परत घेतली नाही, गटारात ओतायची नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी तिच्याभोवती कागद चिकटवून त्यावर जाड पेनाने ‘विष, गवताचे’ असे लिहिले आणि ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवली. किल्ली माझ्या देवघराच्या खणात आहे आणि ती कुठे आहे हे मी मावशींना सांगून ठेवले आहे.