मखरांच्या हंगामात बनलेला सबवूफरचा डबा : रत्नागिरीतील एका सुतारशाळेचा अनुभव

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, सबवूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) घेऊ नये, हे मला तीन पावसाळे गेल्यावर कळले. बाजारातून आणलेल्या तयार डब्याची खालची फळी ओल पिऊन फुगली, सांधे उकलले आणि प्रत्येक खालच्या सुराबरोबर फटीतून हवा फुसफुसू लागली. आतला बारा इंची स्पीकर मात्र ठणठणीत होता. त्याच्यासाठी नवा डबा करून घ्यायचे ठरवले आणि रत्नागिरीच्या एका छोट्या सुतारशाळेत काम दिले. मेस्त्री एकटेच काम करतात आणि आहे तेच काम त्यांना आवरत नाही, म्हणून नाव छापू नका असे त्यांनी सांगितले आहे. ते पाळून हा अभिप्राय लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. या सुतारशाळेत डब्याची रचना करून मिळत नाही. हिशेब आपला आणि लाकूडकाम त्यांचे, अशी वाटणी आहे. डबा किती मोठा हवा या हिशेबाचा पाया ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये घातला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस तो पूर्णत्वास नेला. स्पीकरसोबत येणाऱ्या कागदावर जे तीन आकडे असतात, त्यांवरच डबा ठरतो. माझ्या स्पीकरची मोकळ्या हवेतील अनुनाद वारंवारता (ज्या सुरावर पडदा आपोआप घुमतो ती) २८ हर्ट्झ, एकूण क्यू (ते घुमणे किती रेंगाळते हे सांगणारा आकडा) ०.४२ आणि त्याच्या पडद्याच्या लवचिकतेइतकी लवचिकता असलेल्या हवेचे आकारमान ७५ लिटर आहे. बंद डब्यात एकूण क्यू ०.७०७ असावा, म्हणजे आवाज फुगवटा न येता सपाट राहून मग उतरू लागतो, असे धरले तर ०.७०७ ला ०.४२ ने भागून, आलेल्या संख्येचा वर्ग करून, त्यातून एक वजा करून, उरलेल्या १.८३ ने ७५ ला भागायचे. उत्तर सुमारे ४१ लिटर येते आणि अनुनाद ४७ हर्ट्झवर जातो. विनआयएसडी हा मोफत प्रोग्राम हेच आलेखासह दाखवतो, पण एकदा कागदावर करून पाहिल्याशिवाय आपण नेमके काय मागत आहोत हे उमगत नाही.

नळीचा डबा, म्हणजे हवा आत-बाहेर जायला उघडी नळी बसवलेला डबा, का नको, असे मेस्त्रींनीही विचारले, कारण त्यांनी वाडीतल्या मंडळांसाठी तसलेच डबे केले आहेत. नळीचा डबा अधिक खाली जातो, यात वाद नाही. याच स्पीकरला ८० लिटरचा डबा आणि १० सेंटिमीटर व्यासाची, सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची नळी दिली असती तर नळीतली हवा २८ हर्ट्झला घुमली असती, म्हणजे डबा त्या सुराला जुळला असता. परंतु त्या जुळणीच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि आवाज बंद डब्याच्या दुप्पट उताराने, म्हणजे सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो. शिवाय आमच्याकडे उघडी नळी म्हणजे खाऱ्या हवेला, पालीला आणि विशेषतः कुंभारीण माशीला दिलेले आमंत्रण. तिने एकदा माझ्या लहान स्पीकरच्या नळीत मातीचे घर बांधले होते, ते काढताना कोण हळहळले हे सांगत नाही.

४१ लिटरमध्ये स्पीकरने व्यापलेली सुमारे तीन लिटर जागा आणि आतल्या आधाराचे लिटरभर मिळवले की कच्चे आकारमान ४५ लिटरच्या आसपास जाते. म्हणून आतली मापे ३६० बाय ३६० बाय ३५१ मिलिमीटर धरली. बाजू जवळजवळ सारख्या ठेवू नयेत, आवाज घुमतो, असा सल्ला अनेक जण देतात. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी चार मीटरच्या वर असते, तेव्हा सव्वा फुटाच्या डब्यात सबवूफरच्या पट्ट्यातली स्थिर लहर तयार होणार तरी कशी? या आकाराचा एक फायदा मला नंतर दिसला. बाहेरून ३९६ मिलिमीटरच्या अशा फळ्या अर्ध्या शीटमधून, म्हणजे चार बाय चार फुटांतून, करवतीच्या पात्याने खाल्लेली जागा धरूनही बरोबर नऊ निघतात. पुढे एकावर एक दोन, मागे एक, चारी बाजूंना चार, आतल्या आधारासाठी एक. नववी उरते. ती पुढे कामाला आली.

फळी १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची घेतली. शीटवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का पाहूनच घ्यावी. या प्लायच्या डिंकाला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. आयएस ३०३ ची साधी प्लाय स्वस्त पडते आणि मुंबईत चालूनही जाईल, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आमच्या घरात मला तो जुगार खेळायचा नव्हता. मेस्त्रींचा कल फणसाच्या लाकडाकडे होता. "मृदंगाचं खोड फणसाचं चालतं, मग याला का नको?" असे ते म्हणाले. मृदंगाचे खोड वाजायला हवे आणि आपला डबा मुका हवा, शिवाय सबंध लाकूड ऋतूप्रमाणे फुगते-आखडते, एवढे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. पुढे डबा तयार झाल्यावर त्यांनीच त्यावर टिचकी मारली आणि "कच्चा फणस," म्हणून समाधानाने मान हलवली. पिकलेल्या फणसाचा पोकळ आवाज त्यात नव्हता.

आता कामाच्या दर्जाविषयी. सांधे अप्रतिम आहेत. गुण्या लावून पाहिला तर एकाही कोपऱ्यात उजेड दिसत नाही आणि सांध्यांत डिंक इतका भरून आहे की आतून सीलंट लावण्याची गरज मला वाटली नाही, तरी खबरदारी म्हणून लावले. चारी भिंतींना एकमेकींशी बांधणारी, मध्ये मोठी खिडकी कापलेली चौकट त्यांनी चुंबकाच्या मागे नेमक्या जागी बसवली. स्पीकरसाठी लाकडात फिरवायच्या स्क्रूऐवजी टी-नट (फळीत मागून ठोकायचे दातेरी नट) आणि स्टेनलेस बोल्ट वापरा, ही सूचनाही त्यांनी कुरकुर न करता पाळली.

चूक झाली ती भोकात. बाहेरच्या पुढल्या फळीवर खिळा-दोरीने वर्तुळ आखून त्यांनी करवत रेषेच्या बाहेरून फिरवली. भोक आठ मिलिमीटरने मोठे झाले आणि बोल्टची छिद्रे काठावर आली. तेव्हा नववी फळी उपयोगी पडली. नवी फळी कापण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तुम्ही काम द्याल तर भोकाचा व्यास लिहून न देता पुठ्ठ्याचा साचा कापून द्या.

खरी तक्रार दोन गोष्टींची आहे. आठ दिवसांचे काम २४ दिवसांनी मिळाले, कारण गणपतीच्या आधी सगळ्या सुतारशाळा मखरांनी भरलेल्या असतात. दुसरी तक्रार पॉलिशची. भर जुलैत दमट हवेत मारल्यामुळे ते दुधाळ झाले आहे. हा दोष हवेचा असला तरी पाऊस उघडेपर्यंत थांबा असे सांगणे मेस्त्रींचे काम होते.

तारेच्या जोडणीच्या कपाभोवती गळती निघाली, पण तो कप मीच बसवला होता. ३० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवली तेव्हा धूर तिथेच थरथरला. रबराची गॅस्केट घातल्यावर थांबला. आत उशीतला पॉलिएस्टर कापूस सैलसर भरला आहे, साधा कापूस ओल धरतो.

आवाजाबद्दल सांगायचे तर पखवाजाचे कणीक लावलेले डावे तोंड आता एकदा वाजून थांबते. जुन्या डब्यात त्याची शेपटी लांबत असे. घर चिरेबंदी असले तरी वर कौले आहेत आणि खालचे सूर कौलांच्या फटींतून निसटतात, त्यामुळे स्लॅबच्या खोलीत मिळणारी भर आमच्याकडे नाही. ४० हर्ट्झच्या खाली उतार जाणवतो. ओटीवरून माजघराच्या कोपऱ्यात हलवल्यावर त्यातले बरेचसे भरून निघाले.

प्लायचे सुमारे दोन हजार आणि मजुरीचे साडेतीन हजार रुपये झाले. पॉलिश घासून डिसेंबरात पुन्हा करून देण्याचे मेस्त्रींनी कबूल केले आहे, त्याचे पैसे लागणार नाहीत असेही सांगितले आहे.