मेडिकलमधली बीपीची वही: दिवाळीपासूनचा अनुभव

माझ्या सासूबाईंचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. बीपी बऱ्याच वर्षांचं. दोन-तीन महिन्यांनी दवाखाना आणि मधल्या काळात सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या मेडिकलमधून त्याच गोळ्या, एवढंच चालायचं. दिवाळीच्या सुमारास तिथल्या फार्मासिस्ट ताईंनी बीपीच्या पेशंटसाठी वही सुरू केली. दर महिन्याला गोळ्या घेताना बीपी मोजायचं, आकडा लिहायचा आणि वही डॉक्टरांना दाखवायची. मोजायचे पैसे नाहीत.

मोजायची पद्धत बघूनच मला विश्वास वाटला. आल्या आल्या पट्टा बांधत नाहीत. पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवतात, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या पातळीला, बोलणं बंद. अर्ध्या तासात चहा किंवा मिश्री झाली असेल तर थांबवतात. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहितात. सासूबाईंचा दंड बारीक आहे म्हणून छोटा पट्टा वापरतात, कारण मोठ्या पट्ट्याने आकडा कमी दिसतो.

खरा उपयोग कळला तो थंडीत. वरचा आकडा १६० च्या खाली येईना. "अम्मा, गोळी चुकते का?" नाही. "मग दुसरी कुठली घेता?" सासूबाईंना मराठी येतं, पण दुखणं त्या तेलुगूतच मोकळेपणाने सांगतात आणि ताईंना तेलुगू येतं. पिशवीतून डायक्लोफिनॅकची पट्टी निघाली. कंबर धरली की रोज एक, दुसऱ्याच दुकानातून आणलेली. दवाखान्यात हे कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि घरात आम्हालाही माहीत नव्हतं. अशा दुखण्याच्या गोळ्यांमुळे अंगात मीठ-पाणी साचतं, बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा गुणही कमी येतो. त्यात सासूबाईंच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाबरोबर लघवी वाढवणारं औषध आहे. ही दोन आणि दुखण्याची गोळी, अशा तिन्ही औषधांनी मिळून किडनीला धोका होऊ शकतो. ताईंनी स्वतः काही बदललं नाही, डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक बंद केलं, गरजेपुरती पॅरासिटामॉल दिली, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं. उन्हाळ्यापर्यंत आकडा १४० च्या आत आला.

एप्रिलच्या उन्हात मात्र उठताना चक्कर यायला लागली. ताईंनी बसून आणि उभं करून, दोन्ही मोजलं. उभं राहिल्यावर बीपी बरंच उतरत होतं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि डॉक्टरांनी डोस कमी केला. पुढच्या भेटीपर्यंत वाट बघितली असती तर म्हातारं माणूस न्हाणीत पडलं असतं, ही भीती मला अजून वाटते.

मेडिकलमधून मिळालेला आहाराचा कागद मला तितका पटला नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा, हे बरोबर आहे. पण आमच्याकडे मीठ भाजीपेक्षा शेंगाचटणी, लोणचं आणि पापडातून जातं, त्याचा उल्लेखच नव्हता. हे सांगितल्यावर ताईंनी पेनने लिहून दिलं. आता घरची चटणी निम्म्या मिठात कुटतो, लिंबू पिळून खपते.

तक्रार एकच, पण मोठी आहे. ताई नसल्या की काउंटरवरचा मुलगा उभ्या उभ्या, बाहीवरूनच पट्टा बांधतो. तो आकडा मी वहीत लिहू देत नाही. संध्याकाळी गर्दीत शांत बसायला जागा नसते आणि आजाराची चौकशी सगळ्यांसमोर होते. बायकांना ते अवघड जातं. आडोशाला एक पडदा तरी हवा.

जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा, ताई आहेत का ते आधी विचारा, आणि घरात असतील त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या, बामापासून काढ्यापर्यंत.